मोटर भरायची असेल तर श्रीवर्धन बाजूच्या ह्या मिस्त्रींकडे जा (मोठा रिव्ह्यू आहे, सीझनच्या आधी वाचा)

आमच्या इकडे म्हणजे श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर ह्या पट्ट्यात ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना एप्रिल-मेमध्ये विहिरीवरची मोटर जळणं म्हणजे काय असतं ते सांगायला नको, म्हणून हा रिव्ह्यू मुद्दाम उन्हाळ्याच्या आधी टाकतेय. आमची पोफळी-नारळाची वाडी आहे आणि घरातल्याच दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यामुळे पाणी बंद झालं की वाडीही अडते आणि पाहुणेही अडतात. रिव्ह्यू एका मोटर रिवायंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवीन भरून देणाऱ्या दुकानाचा आहे. मोटर कुठे भरायला टाकायची हे आपल्याकडे लोक 'जवळ कोण आहे' आणि 'कोण लवकर देतो' ह्या दोनच गोष्टींवर ठरवतात आणि त्यात पैसे जातात, आमचेही गेलेत.

दुकानाला नाव असं नाहीये. पत्र्यावर निळ्या ऑइलपेंटने 'मोटर रिवायंडिंग' एवढंच लिहिलंय आणि तेही पावसाने अर्धं गेलंय. पण 'वहीवाले मिस्त्री' म्हणून विचारलंत तर श्रीवर्धनच्या कुठल्याही रिक्षावाल्याला कळतं, तो सरळ दारात नेऊन सोडतो. हे वहीवाले नाव का पडलं ते खाली सांगते.

आधी एक गोष्ट समजून घ्या. मोटर भरणं हे असं काम आहे की गिऱ्हाइकाला त्यातलं काहीही दिसत नाही. आत तांब्याची तार घातली का ॲल्युमिनियमची, जुन्या गेजची (जाडीची) घातली का बारीक, कॉइलला वेढे बरोबर दिले का मजुरी वाचवायला कमी दिले, स्लॉटमध्ये, म्हणजे तार बसते त्या खाचांत, कागद नीट बसवला का तसाच तार कोंबली, वार्निश सुकवलं का ओलंच कव्हर लावून टाकलं, ह्यातलं एकही बाहेरून कळत नाही. वरून रंग मारलेला असतो, मोटर फिरते, पाणी येतं, आपण पैसे देऊन घरी. आणि पहिले दोन-तीन महिने चांगलं काम आणि वाईट काम अगदी सारखंच चालतं. फरक कळतो तो वैशाखात, जेव्हा विहिरीचं पाणी खाली जातं आणि मोटर रोज तास-तास चालवावी लागते, आणि तोपर्यंत 'तुमच्याकडे लाईटचा प्रॉब्लेम असेल' असं म्हणायला भरणारा मोकळा. तेव्हा जो माणूस हे न दिसणारं काम वर्षानुवर्षं नीट करतो त्याचं नाव पंचक्रोशीत कसं झालं, हे मला जवळून बघायला मिळालं आणि म्हणून एवढं लिहावंसं वाटलं.

आमचा आधीचा अनुभव थोडक्यात सांगते, त्या दुकानाचं नाव घेत नाही, ते आमच्या गावातलं नाहीये एवढंच. १ एचपीची साधी मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्रच असलेली) मोटर, एकाच उन्हाळ्यात तिथून दोनदा भरून आणली. दोन्ही वेळेला त्याने काही विचारलं नाही, जळली म्हणजे भरायची, झालं. दुसऱ्या वेळी मी विचारलं की का जळते, तर म्हणाला मिस्टरांना पाठवा त्यांना समजावून सांगतो. मिस्टर मुंबईला नोकरीला, वाडी मी बघते, मोटर मी लावते, मी बंद करते, आणि समजावणार मात्र त्यांना. तिसऱ्यांदा मोटरने मान टाकली तेव्हा सासरे म्हणाले की आता वहीवाल्यांकडेच ने, थोडं लांब पडेल पण ने.

तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मिस्त्रींनी मोटर उघडायच्या आधी मला बसायला एक स्टूल दिलं आणि म्हणाले, "वहिनी, जळली ते कळलं, कशी जळली ते सांगा." मग प्रश्नच प्रश्न. किती वाजता लावली होती, लावल्या लावल्या गेली का चालता चालता, आधी हुं हुं आवाज करून उशिरा फिरायची का, पाण्याची धार कमी झाली होती का, फुटवॉल (पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) कधी बदललात, रात्री शिंपता का सकाळी. मला ह्यातलं बरंचसं सांगता आलं कारण मीच रोज मोटरीपाशी असते, आणि ते सगळं ऐकून घेत होते, मधे तोडलं नाही. मग माझ्यासमोर कव्हर उघडलं आणि दाखवलं की स्टार्टिंगच्या कॉइल काळ्या ठिक्कर पडल्यात आणि रनिंगच्या नुसत्या तपकिरी झाल्यात, म्हणजे मोटर चालताना नाही, उचलताना म्हणजे स्टार्ट घेताना मरतेय.

मग विचारलं मीटरपासून विहीर किती लांब आणि वायर कुठली टाकलीय. विहीर वाडीच्या टोकाला, ६० मीटर तरी असेल, आणि वायर घर बांधताना वायरमनने टाकलेली १ एमएमची. त्यांनी तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून दाखवला की एवढ्या लांबीला एवढ्या बारीक तारेत मोटर नुसती चालताना १५ व्होल्ट वाटेतच जातात, आणि स्टार्ट घेताना मोटर चालतानाच्या पाच-सहा पट करंट खेचते तेव्हा साठ-सत्तर व्होल्ट वायरच खाते. त्यात संध्याकाळी आपल्याकडे लाईट आधीच कमी. आणि व्होल्टेज जेवढं पडतं त्याच्यापेक्षा मोटरचा जोर जास्त पडतो, २३० च्या जागी १८० मिळालं तर जोर साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. म्हणजे मोटर फिरायला बघतेय, फिरू शकत नाहीये, आणि तेवढा वेळ स्टार्टिंगच्या कॉइलमधून जोराचा करंट चाललाय. अशी मोटर कितीही चांगली भरली तरी परत जळणार.

"मी आज भरून देतो पण वायर बदलल्याशिवाय लावू नका, ४ एमएमची टाका," असं म्हणाले. ती वायर ते विकत नाहीत. वायर बदलली की आमची मोटर दर सीझनला त्यांच्याकडे येणार नव्हती, हे त्यांना माझ्याहून जास्त चांगलं माहीत होतं. मी वायर बदलली, तेव्हापासून मोटर जळलेली नाही. मधे एकदा सील गळायला लागलं म्हणून नेली होती, तेव्हा सील आणि बेअरिंग बदलून दिलं, वाइंडिंगला हात लावला नाही. दुसऱ्या कुणी 'पाणी आत गेलंय, भरावीच लागेल' असं सांगितलं असतं तर मी मुकाट्याने भरून घेतली असती.

आता वही. दुकानात फळीवर लाल कापडी बांधणीच्या हिशोबाच्या वह्या ओळीने लावल्यात, जुन्यांना वाळवी लागू नये म्हणून मधे कडुलिंबाचा पाला. जी मोटर येते तिला एक नंबर पडतो, तो बॉडीवर पांढऱ्या रंगाने लिहायचा आणि वहीत त्या नंबरचं पान. पानावर मोटर कुठल्या कंपनीची, किती एचपी, किती स्लॉट, जुन्या कॉइलचे वेढे मोजून किती, तार मायक्रोमीटरने मोजून किती गेजची, काढलेल्या तारेचं वजन, घातलेल्या तारेचं वजन, कॅपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला मदत करणारा) किती एमएफडीचा म्हणजे किती क्षमतेचा, मेगरचं (करंट बॉडीत गळतो का ते तपासायच्या यंत्राचं) रिडींग, टाँगटेस्टरवर (वायरीभोवती लावून करंट मोजायच्या चिमट्यावर) करंट किती आला, आणि खाली एक रकाना 'का जळली'. हा शेवटचा रकाना मी दुसऱ्या कुठल्याही दुकानात बघितलेला नाही. आमच्या पानावर तिथे 'वायर बारीक, लांब' लिहिलंय. कुणाच्या पानावर 'फुटवॉल गळतो, सुकी चालली', कुणाच्या 'पाल', कुणाच्या 'कॅपॅसिटर फुगला, खारी हवा', कुणाच्या 'कळलं नाही'. हे 'कळलं नाही' पण ते लिहून ठेवतात आणि गिऱ्हाइकाला तसंच सांगतात, की मला कारण सापडलं नाही, महिनाभर लक्ष ठेवा आणि काही वेगळं वाटलं तर लगेच बंद करून घेऊन या.

सील गळलेल्या वेळेला मी गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नसेल, पण मोटरवरचा नंबर बघून पान काढलं आणि पहिला प्रश्न, "वायर बदललीत ना वहिनी?"

तांब्याचं पण सांगते कारण हा पैशाचा विषय आहे आणि बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जळलेल्या मोटरीतून जी जुनी तार निघते ती बहुतेक तांब्याची असते आणि भंगारात तिला चांगला भाव आहे. ती तार गिऱ्हाइकाची. बहुतेक ठिकाणी त्याबद्दल कुणी बोलतच नाही, दुकानदार ठेवून घेतो. इथे तुमच्यासमोर काट्यावर वजन होतं, हवी तर पिशवीत घालून घरी न्या, नको असेल तर त्या दिवसाच्या भावाने बिलातून वजा. नवीन तारही तशीच तोलून दाखवतात. जुनी किती निघाली आणि नवीन किती गेली हे दोन आकडे शेजारी शेजारी बघितले की आत कमी तार घातली का हा प्रश्नच राहत नाही. मला वाटतं त्यांच्यावर लोकांचा जो विश्वास आहे त्यातला बराचसा ह्या काट्याने कमावलेला आहे, बोलून नाही. बोलतात तर ते फारच कमी.

कामाची पद्धत. मी दोन-तीनदा बसून बघितलंय. जुनी वाइंडिंग काढायला काही जण मोटरचं स्टॅम्पिंग (आतला पातळ पत्र्यांचा लोखंडी गाभा) सरळ आगीत टाकतात, तार जळून मऊ पडते आणि पटकन ओढता येते. मिस्त्री तसं करत नाहीत. छिन्नीने एका बाजूची डोकी कापतात, थोडी ऊब देऊन दुसऱ्या बाजूने ओढून काढतात, अर्धा दिवस जातो. कारण विचारलं तर म्हणाले स्टॅम्पिंगचे ते पातळ पत्रे एकमेकांपासून वेगळे राहावेत म्हणून त्यांच्यावर लेप असतो, आगीत तो लेप जातो, मग तार नवीन असली तरी लोखंडच तापतं आणि मोटर कायमची गरम चालते. मग स्लॉट साफ करून कागद, फर्म्यावर (साच्यावर) कॉइल गुंडाळायच्या, एकेक वेढा मोजत, त्यावेळी दुकानात कुणी बोललेलं चालत नाही. स्लॉट बंद करायला बांबूच्या काड्या, त्या ते स्वतः तासतात, वरून दोऱ्याने घट्ट बांधणी, मग वार्निश आणि मग सुकवणं. सुकवायला पत्र्याच्या पिंपात मोठे बल्ब लावून पेटी केलीय. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच एवढी ओली की वार्निश लवकर सुकत नाही, तेव्हा ते एक दिवस जास्त ठेवतात आणि कितीही घाई केलीत तरी देत नाहीत. माझ्यासमोर एकजण चिडून निघाला होता, तरी दिली नाही.

आता ह्यांचं नाव मोठं कधी झालं तर निसर्ग वादळात. हे मला सासऱ्यांनी आणि शेजारच्या काकांनी सांगितलं. ३ जून २०२० ला निसर्ग इथेच आपल्या किनाऱ्यावर आलं, पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांच्या जिवावर चालायची त्यांचं एका दुपारीत सगळं गेलं, खांब पडले, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. पंपांच्या खोपींची छपरं उडालेली, सगळ्या मोटरी जूनच्या पावसात उघड्यावर भिजत पडलेल्या. वर लॉकडाऊन, बाहेरून तार येईना. तेव्हा मिस्त्रींनी काय केलं तर गावागावात निरोप पाठवले की लाईट आली म्हणून मोटर लगेच चालू करू नका, ओली आहे, लावलीत तर जळेल, आधी काढून आणा. ज्यांनी आणल्या त्यांच्या मोटरी उघडून गोड्या पाण्याने धुतल्या, पेटीत सुकवल्या, मेगर लावून रिडींग येईपर्यंत परत परत सुकवल्या, आणि बहुतेक तशाच चालू झाल्या, भरायची गरजच पडली नाही. सुकवण्याचे जे काय थोडे पैसे तेवढेच घेतले, आणि ज्यांची बाग पूर्ण गेली होती त्यांच्या पानावर नुसती रेघ मारलीय, रक्कम लिहिलेली नाही. ती पानं काकांनी स्वतः बघितलीत. त्या दिवसांत ओली मोटर दाखवून 'जळली' म्हटलं असतं तर कुणालाही खरं वाटलं असतं, तपासणार कोण.

पुढच्या वर्षी २२ जुलै २०२१ ला महाड-चिपळूणला पूर आला तेव्हा महाडहून टेंपो भरून चिखलाने भरलेल्या मोटरी ह्यांच्याकडे आल्या. म्हणजे एवढ्या लांबून लोक मोटरी उचलून इथे घेऊन आले. त्यातल्या बऱ्याच भराव्या लागल्या, गाळ आतपर्यंत गेला होता, पण कुठली सुकवून चालेल आणि कुठली भरावी लागेल हे प्रत्येकाला मोटर उघडी ठेवून दाखवलं होतं.

आमच्यासारख्यांना ह्याचं महत्त्व का तर निसर्गनंतर आम्ही सगळ्यांनी पोफळी नव्याने लावल्या. पोफळ लावल्यावर धरायला पाच-सात वर्षं जातात आणि लहान रोपाला उन्हाळ्यात पाणी चुकून चालत नाही, नारळ एकवेळ थोडे दिवस काढतो, पोफळ नाही काढत. तेव्हा ह्या वर्षांत ज्याची मोटर वैशाखात आठ-दहा दिवस बंद पडली त्याची बाग परत काही वर्षं मागे गेली. मोटर भरणाऱ्याचा हात किती खरा आहे ह्यावर आमची बाग उभी आहे.

ॲल्युमिनियमचा एक प्रसंग. मी बसलेली असताना एका रिसॉर्टचे मालक आले, चांगली गाडी, चार-पाच मोटरी एकदम भरायच्या होत्या, म्हणजे मोठं काम. म्हणाले तांबं नको, ॲल्युमिनियम घाला, स्वस्तात करा, दोन वर्षं चालल्या तरी पुष्कळ. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तांब्याच्या मोटरीत मी ॲल्युमिनियम भरत नाही. भरणारे आहेत, तिकडे भरून घ्या, मला त्याचा राग नाही." साहेबांनी थोडा आवाज चढवला, मग गेले. नंतर मी विचारलं की हल्ली कंपनीच्या मोटरी पण ॲल्युमिनियमच्या येतात ना, मग काय हरकत. तर म्हणाले कंपनी बनवते तेव्हा स्लॉटच त्या हिशोबाने ठेवते, ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्केच असते म्हणून तार जाड लागते, आणि तांब्याच्या मोटरीच्या स्लॉटमध्ये तेवढी जाड तार मावतच नाही, मग बारीक घालतात आणि ती तापते, जोडही नीट धरत नाहीत. कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या मोटरीला ते वाईट म्हणाले नाहीत हे मला फार आवडलं. उलट कुणी तशी स्वस्तातली जळलेली घेऊन आलं तर हिशोब करून सांगतात की भरायला एवढे जातील, त्यात थोडे घालून नवीन घ्या. मजुरी सोडून देतात पण सांगतात.

आणि आता हाताखालच्या मुलाबद्दल, कारण ह्या दुकानाबद्दल मला सगळ्यात जास्त बरं वाटलं ते इथे. त्यांच्या हाताखाली एक गावातलाच मुलगा आहे, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला. सुरुवातीला गिऱ्हाइकं त्याच्याकडे मोटर द्यायला तयार नसायची, मिस्त्री कुठेत, मिस्त्रींनाच हात लावू दे, असं सरळ तोंडावर. शेजारच्या काकांची मोटर त्याने भरली आणि दोन दिवसांत बॉडीला करंट यायला लागला. काकांना झटका बसला, चप्पल पायात होती म्हणून निभावलं. काका मोटर घेऊन गेले ते भांडायच्याच तयारीने, दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली, काकांनी सगळ्यांसमोर सुरुवात केली की पोरं बसवलीत दुकानात, जीव जाईल कुणाचा. मुलगा खाली मान घालून उभा. मिस्त्रींनी वही काढली, काकांसमोर पान उघडलं आणि म्हणाले, "मेगरच्या आकड्यापुढे सही माझी आहे काका. बोला ते मला बोला." मग मोटर उघडली. कॉइलचं एक डोकं जरा वर राहिलं होतं आणि कव्हर आवळल्यावर ते लोखंडाला लागत होतं. मेगर केला होता, पण कव्हर लावायच्या आधी, त्यामुळे तेव्हा रिडींग चांगलं आलेलं.

त्यांनी काकांना दुकानातली स्वतःची स्पेअर मोटर तेवढ्यापुरती दिली, पैसे परत केले, आणि काकांची मोटर दुरुस्त करायला कुणाला बसवलं तर त्याच मुलाला. काका म्हणाले आता तरी तुम्ही करा. मिस्त्री म्हणाले तोच करेल, तुम्ही बसून बघा. काका खरंच बसले. मुलाने डोकी दाबून परत बांधली, वार्निश दिलं, सुकवल्यावर कव्हर लावून काकांसमोर मेगर केला. त्या दिवसापासून तिथे मेगर दोनदा होतो, कव्हरच्या आधी आणि कव्हर लावून, आणि दोन्ही आकडे वहीत जातात, पानावर त्यासाठी नवीन रकानाच आखला. आणि सही आता ज्याने काम केलं त्याची.

तो मुलगा आता काम दिल्यावर पंधरा-वीस दिवसांनी स्वतः गिऱ्हाइकाला फोन करतो की मोटर तापते का, आवाज कसा आहे, बॉडीला टेस्टर लावून बघा. हे त्याला कुणी सांगितलं नाही म्हणे, त्याचं त्यानेच चालू केलं. मला आला होता तो फोन, सील बदलून आणल्यानंतर, आणि मला इतकं बरं वाटलं की सामान विकल्यावर कोण विचारतं आपल्याला. काका आता काय करतात तर मोटर घेऊन गेले की मिस्त्री समोर असले तरी विचारतात तो कुठाय. आणि मिस्त्रींना ह्याचं वाईट वाटत नाही, ते हाक मारून त्याला बोलावतात आणि गिऱ्हाइकासमोर त्याला 'अहो' म्हणतात. वयाने पंचवीसही नसेल तो, पण दुकानात अहो. मग गिऱ्हाइकंही अहो म्हणायला लागली.

आता ज्या गोष्टी जमत नाहीत त्या पण लिहिल्या पाहिजेत. एक तर वेळ. सीझनला आठ दिवस धरूनच चाला, कधी दहा. त्यांच्याकडे स्पेअर मोटर एक-दोनच आहेत आणि त्या आधीच कुणाकडे तरी गेलेल्या असतात. मी त्यांना सांगितलं पण आहे की वाडीवाल्यांसाठी चार-पाच जुन्या मोटरी भाड्याने ठेवा, लोक आनंदाने पैसे देतील, अजून केलेलं नाही. दुसरं म्हणजे शिमग्याला दुकान बंद, आणि शिमगा येतो तो नेमका उन्हाळा तापायला लागताना. रेट इतरांपेक्षा तीन-चारशे रुपयांनी जास्त असतो. घरी येऊन मोटर नेत नाहीत, आपणच काढून नेऊन टाकायची, ज्या घरात म्हातारी माणसंच आहेत त्यांना हे जड जातं आणि ह्याचा त्यांनी खरंच विचार करायला हवा, मुलाला एक टेंपोवाला जोडून दिला तरी होईल. बोअरवेलच्या सबमर्सिबल घेत नाहीत, त्या तपासायला पाण्याचा खोल टँक लागतो तो त्यांच्याकडे नाही, आणि टँक नसताना काम घेणार नाही असं सरळ सांगतात. विहिरीत बुडवायच्या ओपनवेल मात्र घेतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा फक्त वेळेसाठी कापला.

जाणार असाल तर काही गोष्टी करून जा म्हणजे तुमचाही वेळ वाचेल. मोटर काढताना वायरींना कुठली कुठे होती त्याच्या चिठ्ठ्या बांधा. स्टार्टर किंवा कॅपॅसिटरचा बॉक्स पण सोबत न्या, बरेचदा मोटर ठीक असते आणि कॅपॅसिटरच गेलेला असतो, मग तासाभरात काम होऊन परत. सकाळ, दुपार, संध्याकाळ असं दोन-तीन दिवस मोटरपाशी व्होल्टेज बघून कागदावर लिहून न्या, व्होल्टेजचं मीटर नसेल तर शेजारच्या वायरमनकडून घ्या, मिस्त्री ती गोष्ट विचारतातच. मोटर जो रोज लावतो त्यानेच जा, बाई असो की म्हातारे सासरे, दुसऱ्या कुणाला पाठवलंत तर त्या प्रश्नांची उत्तरं त्याला देता येणार नाहीत. जुनी तार न विसरता वजन करून बघा, ते दाखवतातच पण आपण बघितलं पाहिजे. फोन करून जाऊ नका, कॉइल गुंडाळताना दोघंही उचलत नाहीत. सकाळी नऊच्या आत पोचलात तर मिस्त्री स्वतः मोटर उघडून बघतात, नंतर गेलात तर तो मुलगा बघतो. दोन्ही चालेल.